काकांची बॅग, आठ लेन्स आणि सात महिने

१२ जानेवारीला काकांनी त्यांची जुनी कॅमेऱ्याची बॅग माझ्याकडे सरकवली. "मला आता फोकस दिसत नाही गं. तूच बघ काय करायचं ते." एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. बॅगेत कॅमेऱ्याची बॉडी एकही नव्हती, त्या कधीच कुणाकुणाला देऊन झाल्या होत्या. होत्या त्या फक्त लेन्स, आठ. दोन चामडी डब्यांत, बाकीच्या जुन्या मोज्यांत गुंडाळलेल्या. मी चेन लावत होते तेवढ्यात काका म्हणाले, "त्यातली एक फार फास्ट आहे हां. घरातल्या दिव्यावर फोटो निघायचे तिच्यात." कुठली, म्हणून विचारलं तर, "आता नाही आठवत."

ती एक शोधायची, एवढंच मी ठरवलं होतं. एका रविवारचं काम वाटलं. सात महिने गेले. मध्ये इतक्या चुका केल्या की त्या लिहून ठेवल्या तर पुढच्या कुणाचे निदान दोन-तीन महिने तरी वाचतील.

आधी कबुली. पाच वर्षं मी किट लेन्सवर (कॅमेऱ्याबरोबर येते ती) ऑटोफोकसनं फोटो काढत आले आणि 'फास्ट लेन्स' म्हणजे पटकन फोकस करणारी लेन्स असं समजत होते. मॅन्युअल फोकसची लेन्स फास्ट कशी असेल, हा प्रश्न मला खरोखर पडला होता. फास्टचा फोकसशी काही संबंध नाही. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) जितकं मोठं उघडतं तितका उजेड जास्त आत येतो आणि तितका शटर जलद ठेवता येतो, म्हणून फास्ट. आकडा उलटा चालतो: एफ १.४ ही एफ २ पेक्षा फास्ट, बरोबर एक स्टॉपनं, म्हणजे दुप्पट उजेड. एफ १.८ आणि एफ १.४ मध्ये साधारण दोन तृतीयांश स्टॉप. एफ १.२ आणि एफ १.४ मध्ये जेमतेम अर्धा, आणि त्या अर्ध्यासाठी लोक जे पैसे मोजतात ते वाचून मी लॅपटॉप मिटून ठेवला होता.

१९ जानेवारीला वही घेऊन बसले. लेन्सच्या पुढच्या काचेभोवती जी नावाची रिंग असते, तिच्यावरचं सगळं उतरवून काढलं. ते पान अजून आहे माझ्याकडे. त्यावर लिहिलंय: 'हेलिओस, ४४ मिमी.' 'विविटार, ५५ मिमी.' 'निक्कॉर, ऑटोफोकस (??)'. तिन्ही चूक.

हेलिओस ४४-२ मधला ४४ हा मॉडेलचा आकडा. खरी माहिती त्याच रिंगवर '२/५८' अशी असते: एफ २, ५८ मिमी. विविटारच्या रिंगवर १३५ मिमी आणि १:२.८ स्पष्ट लिहिलेलं होतं, पण माझी नजर गेली ५५ वर. त्या ५५ च्या आधी गोलाला तिरकी रेघ मारलेलं चिन्ह होतं. ते चिन्ह दिसलं की तो आकडा फिल्टरच्या आट्यांचा व्यास. आणि 'ऑटो'नं तर मला दोन दिवस फिरवलं. साठ-सत्तरच्या दशकातल्या लेन्सवर ऑटो लिहिलेलं असतं ते अ‍ॅपर्चरसाठी: फोकस करताना छिद्राची पाती पूर्ण उघडी राहतात, शटर दाबलं की ठरवलेल्या आकड्यावर आपोआप मिटतात. त्याआधी हे काम हातानं करावं लागायचं. फोकस मात्र या सगळ्यांचा हातानंच.

रिंगवर आधी बघायचा तो '१:' नंतरचा आकडा. १:१.४ म्हणजे एफ १.४. रशियन हेलिओससारख्या लेन्सवर '१:' नसतो, तिरक्या रेघेआधीचा आकडा तोच. पन्नासच्या दशकातल्या किंवा त्याआधीच्या लेन्सवर ५ सेंमी असं दिसलं तर दचकायचं नाही, ते ५० मिमीच. लांबलचक आकडा असेल तो सीरियल नंबर.

पण मला खरी मजा आली ती अक्षरांत. निक्कॉरच्या नावापुढे 'एस' होता. मी तो 'स्टँडर्ड'चा धरला होता. निघाला 'सेप्टेम'चा, म्हणजे आत सात भिंगं. सहा असती तर एच, पाच असती तर पी, चार असती तर क्यू. लॅटिन-ग्रीक आकड्यांची आद्याक्षरं. ऑलिम्पसच्या झुइकोवर नावाआधी 'एफ' आणि टिंब, आणि हा एफ साधा वर्णमालेतला सहावा म्हणून सहा भिंगं. त्यांच्याच ५० मिमी एफ १.४ वर 'जी' असतो, सात. (झुइकोवर शेवटी 'ऑटो-एस' असंही असतं, आणि तिथला एस मात्र खरंच स्टँडर्डचा. एवढं झाल्यावर मी चहा करायला उठले.) मिनोल्टा रोक्कॉरवर दोन अक्षरं, 'पीएफ': पहिलं निक्कॉरसारखं, पेंटा म्हणजे भिंगांचे पाच गट, दुसरं ऑलिम्पससारखं, एफ म्हणजे सहा भिंगं. नावावरूनच लेन्सच्या पोटात काय आहे ते कळतं, असं आता कुठल्या वस्तूचं होतं? विविटार स्वतः लेन्स बनवत नव्हती, इतरांकडून करून घ्यायची, आणि सीरियलचे पहिले दोन आकडे कारखाना सांगतात. काकांच्या नगावर ३७ होतं: टोकिना. २२ असतं तर किरॉनवाली कंपनी, २८ असतं तर कोमिने.

जानेवारीअखेर यादी अशी झाली: सुपर-टाकुमार ५० मिमी एफ १.४, निक्कॉर-एस ऑटो ५० मिमी एफ १.४, रोक्कॉर-पीएफ ५८ मिमी एफ १.४, झुइको ५० मिमी एफ १.८, हेलिओस ५८ मिमी एफ २, विविटार १३५ मिमी एफ २.८, एक अंगठ्याएवढी २५ मिमी एफ १.४, आणि एक नावाची रिंगच हरवलेली. म्हणजे एफ १.४ च्या चार तर उघड होत्या. त्यांतली काकांची कुठली?

त्या अंगठ्याएवढ्या लेन्सनं मला जे शिकवलं ते बाकीच्या सातांनी मिळून शिकवलं नाही. तोवर माझ्या डोक्यात फास्ट म्हणजे मोठी काच. मग ही एवढीशी एफ १.४ कशी? आणि विविटारचं एवढं मोठं तोंड असून ती नुसती एफ २.८? वहीत भागाकार केला. एफचा आकडा म्हणजे फोकल लेन्थ (रिंगवरचा मिमीचा आकडा) भागिले समोरून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास. २५ भागिले १.४: सुमारे १८ मिमी. १३५ भागिले २.८: ४८ मिमी. 'स्लो' लेन्सचं छिद्र 'फास्ट' लेन्सच्या अडीचपटीहून मोठं! ५० मिमी एफ १.४ ला ३६ मिमी पुरतात. आकडा हा गुणोत्तर आहे. नुसता आकार बघून फास्ट ओळखायला गेलं की फसगत ठरलेली.

हे मोजताही येतं. लेन्स पूर्ण उघडी ठेवून, शेजारी पट्टी उभी करून, तीन मीटर लांबून झूम करून फोटो काढायचा आणि स्क्रीनवर उजेडाच्या वर्तुळाचा व्यास पट्टीशी ताडायचा. जवळून मोजू नये, चूक येते. निक्कॉरचा ३६ आला तेव्हा परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

ती छोटी सी-माउंटची (माउंट म्हणजे लेन्स बॉडीला जोडायची जागा) निघाली, एक इंच व्यासाचे आटे, सिने किंवा टीव्ही कॅमेऱ्यासाठीची. अशा लेन्सचं प्रतिमेचं वर्तुळ लहान असतं. मी ती हातानं माझ्या फुल फ्रेम बॉडीसमोर धरून बघितली: मधोमध नाण्याएवढं चित्र, भोवती काळोख. जुन्या लेन्स विकत घेणाऱ्यांनी इथे जपावं. फार लहान आकडा आणि फार कमी किंमत एकत्र दिसली की ती टीव्हीची, प्रोजेक्टरची किंवा एक्स-रे यंत्राची असण्याचा संभव मोठा. फोकसची रिंग आहे का आणि अ‍ॅपर्चरची रिंग आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारायचे. कॅननच्या प्रसिद्ध ५० मिमी एफ ०.९५ चेही दोन प्रकार आहेत, एक कॅमेऱ्याचा आणि एक रिंगवर 'टीव्ही लेन्स' लिहिलेला.

२६ जानेवारीला खोलीत अंधार करून टॉर्चची पाळी. टॉर्च मागून तिरका धरायचा आणि पुढून बघायचं, मग उलट. झुइकोच्या आत कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू: बुरशी. रोक्कॉरची पाती तेलानं ओली, आणि फोकसची रिंग इतकी घट्ट की मनगट दुखलं, आतलं ग्रीस वाळलेलं. हेलिओसच्या पुढच्या काचेवर ओरखडे, ज्यांचा पुढे फोटोत मागमूसही दिसला नाही. मागच्या काचेवर असते तर दिसले असते. निक्कॉर लखलखीत. टाकुमारमधून पांढरा कागद बघितला तर फिक्क्या चहासारखा पिवळा.

धुळीचे दोन-चार कण सगळ्यांतच होते. धूळ सोडून द्यावी. बुरशी सोडू नये. त्या रात्री झुइको बॅगेतून काढून वेगळी ठेवली, आणि बाकीच्यांसाठी रबरी झाकणाचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की झालं. चामडी डबे दिसायला छान, पण ओल धरतात. ते मी रिकामेच कपाटात ठेवलेत.

आता अडॅप्टर. प्रत्येक कंपनीच्या माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं: निकॉन एफचं ४६.५ मिमी, ऑलिम्पस ओएमचं ४६, मिनोल्टाचं ४३.५, टाकुमार-हेलिओसच्या एम ४२ स्क्रूचं ४५.४६. माझी बॉडी सोनी ई माउंटची, १८ मिमी. उरलेलं अंतर भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे अडॅप्टर. आत काच नसते, म्हणून स्वस्त. जुनी लेन्स आत आरसा असलेल्या डीएसएलआरवर लावण्यापेक्षा बिनआरशाच्या मिररलेसवर लावणं सोपं ते यामुळेच. शिवाय काकांची निक्कॉर १९७७ च्या एआय पद्धतीआधीची. अ‍ॅपर्चरच्या रिंगवरचे 'सशाचे कान' भरीव, त्यांना भोकं नाहीत. अशी लेन्स काही निकॉन डीएसएलआरवर जबरदस्तीनं फिरवली तर बॉडीची एक नाजूक पट्टी मोडते. अडॅप्टरला तो धोका नाही.

२७ जानेवारीला चार अडॅप्टर मागवले. तीन ८ फेब्रुवारीला आले आणि बिनबोभाट बसले. एम ४२ चा ११ तारखेला आला. हेलिओस त्यात घातली, एक फेरा सहज गेली, पुढे अडली. मला वाटलं जुने आटे आहेत, जरा जोर लावू. अजून पाव फेरा. मग ती ना पुढे जाईना ना मागे येईना. पोटात गोळा आला. रबरी हातमोजे घालून, दोन्ही हातांनी, दात आवळून वीस मिनिटांनी सुटली. आट्यांतून चांदीसारखा चुरा निघाला. अडॅप्टरच्या कडेला भिंगानं बघितलं तर 'टी २'. त्याचाही व्यास ४२ मिमीच, पण त्याच्या आट्यांतलं अंतर ०.७५ मिमी आणि एम ४२ चं १ मिमी. नुसतं '४२ मिमी स्क्रू' वाचून मागवायचं नाही, हे त्या चुऱ्यानं सांगितलं. चुकीची वस्तू आली म्हणून परतीचा अर्ज केला, चार बाजूंनी फोटो जोडले. अकरा दिवसांनी उत्तर आलं, वस्तू वापरलेली आहे, परत घेता येणार नाही. खरंच होतं ते, वापरलेली होती. नवा अडॅप्टर ६ मार्चला हाती आला. हेलिओसचे आटे वाचले होते. टी २ चे गेले होते.

बॉडीत दोन गोष्टी करायच्या असतात त्याही इथेच सांगते, मी त्यावर एक संध्याकाळ घालवली. 'लेन्सशिवाय शटर चालू' हा पर्याय लावल्याशिवाय शटर पडतच नाही. आणि बॉडीत हात थरथरण्याचं स्टॅबिलायझेशन असेल तर फोकल लेन्थ हातानं भरावी लागते.

८ मार्चला मी एकसारखा उजेड असलेल्या भिंतीसमोर ट्रायपॉड लावला. निक्कॉर एफ १.४ वर: १/१२५. टाकुमार, तीच भिंत, तोच आयएसओ, तोही एफ १.४: १/८०. दोन तृतीयांश स्टॉप कुठे गेला? पिवळेपणानं खाल्ला होता. सात भिंगांच्या या टाकुमारमध्ये थोरियम असलेली काच वापरलेली आहे. ती किंचित किरणोत्सारी असते आणि वर्षानुवर्षांत स्वतःच पिवळी पडते. घाबरून फेकायची गरज नाही, पण काच घासणं-फोडणं नको आणि उगाच डोळ्याला लावून बसणं नको. पिवळेपणा अतिनील उजेडानं उतरतो. ९ मार्चपासून टाकुमार खिडकीत, खाली अ‍ॅल्युमिनियम फॉइल, मागची काच उन्हाकडे, दोन्ही झाकणं काढलेली. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की ऊन लेन्समधून एकवटून फॉइलच्या पलीकडे लाकडी चौकटीवर पडतंय आणि तिथे तपकिरी ठिपका उमटलाय. लेन्स म्हणजे शेवटी भिंगच! मग ती रुंद पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि घरात कुणी असेल तेव्हाच. चार आठवड्यांनी, ६ एप्रिलला, परत तीच भिंत: निक्कॉर १/१२५, टाकुमार १/१००. उरलेला एक तृतीयांश मी माफ केला.

रोक्कॉर आणि झुइको उघडायचं धाडस मला झालं नाही. १० मार्चला दुरुस्तीला दिल्या. तिथे फॉर्म भरावा लागला: सीरियल नंबर, दिसणारे दोष, 'बुरशीनं कोटिंग खाल्लं असल्यास डाग राहतील, त्याची जबाबदारी नाही' याच्यावर सही, आणि अंदाजपत्रक मंजूर असल्याची दुसरी सही. दोन्ही मिळून आकडा त्याच लेन्स वापरलेल्या पण ठीकठाक स्थितीत पुन्हा घेतल्या असत्या त्याच्या जवळ जाणारा. व्यवहार म्हणून हे शहाणपणाचं नव्हतं, काकांच्या नसत्या तर मी केलं नसतं. पंधरा कामाचे दिवस सांगितले होते, १४ एप्रिलला मिळाल्या, तेही तीनदा फोन केल्यावर. झुइको स्वच्छ. रोक्कॉरची रिंग लोण्यासारखी फिरत होती, पण दूरच्या इमारतीचे दिवे शेवटच्या टोकाला नेऊनही धूसर. आधी त्याच अडॅप्टरवर टोकाच्या जरा अलीकडेच ते स्पष्ट व्हायचे, कारण बहुतेक अडॅप्टर मुद्दाम थोडे आखूड बनवलेले असतात. म्हणजे जोडताना इन्फिनिटी, अगदी दूरच्या फोकसची जागा, चुकली होती. दुरुस्तीला देण्याआधी दूरच्या वस्तूचा फोटो काढून रिंगची जागा लिहून ठेवली होती, म्हणून वाद घालता आला. तुम्हीही ठेवा. १६ एप्रिलला परत दिली, २८ ला आली, या वेळी नीट.

आणि फोकस. लेन्स ओळखणं एक आणि त्या एफ १.४ वर वापरणं दुसरं. ५० मिमी, एफ १.४, एक मीटर अंतर: साधारण तीन सेंटिमीटर एवढाच पट्टा स्पष्ट. अर्ध्या मीटरवर पाऊण सेंटिमीटर. माणूस उभ्या उभ्या श्वास घेतानाही त्याहून जास्त हलतो. फेब्रुवारीत मी आईचे शंभरेक फोटो काढले. त्यांत कान उत्तम आले, नाकाचा शेंडा उत्तम आला, चष्म्याची दांडी तर काय सांगू. शेवटी आई म्हणाली, "डोळे सोडून सगळं काढलंस."

चूक फोकस पीकिंगवर विसंबण्यात होती. स्क्रीनवर ज्या कडा लाल होतात त्या फोकसमध्ये, असं मी धरून चालले होते. पण पीकिंग बघतं कॉन्ट्रास्ट, आणि जुन्या लेन्स पूर्ण उघड्या असताना चित्रावर एक पातळ धुकट तेज पसरलेलं असतं. एक तर काहीच लाल होत नाही, नाहीतर अर्धा चेहरा लाल होतो. उपाय एकच चालला: डोळ्याच्या जागी चित्र मोठं करून बघायचं, पापणी दिसेपर्यंत रिंग फिरवायची, मग रिंग सोडून द्यायची आणि स्वतः केसभर पुढे-मागे झुलत तीन-चार फोटो लागोपाठ घ्यायचे. सरावासाठी टेबलावर पट्टी तिरकी ठेवून दहाच्या आकड्यावर फोकस करायचे, रोज वीस. मार्चअखेर वीसात सहा जमायचे, मे महिन्यात तेरा-चौदा. चौदाच्या वर मी अजून गेलेले नाही. आणि एफ २ वर आणलं की हीच लेन्स एकदम शहाण्यासारखी वागते: पट्टा साडेचार सेंटिमीटर होतो, ते तेज जातं. उगाच कायम एफ १.४ वर बसायचं कारण नाही, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

राहिली बिननावाची. मागे एम ४२ चे आटे. अ‍ॅपर्चरच्या रिंगवर पहिला आकडा १.४, म्हणजे तेवढं तरी नक्की. रिंग फिरवली तर पाती जागची हलेनात. मोडली आहे, असं वहीत लिहूनसुद्धा टाकलं. मे महिन्यात एकदा सहज मागची बाजू पुसताना कापडाखाली एक बारीक पिन दबली आणि आत खटकन काळं फूल मिटलं. पिन सोडली, उघडलं. दाबली, मिटलं. वेड्यासारखी पाच मिनिटं तेच करत बसले. ऑटो अ‍ॅपर्चर: बॉडी ती पिन दाबायची. टाकुमारला 'ऑटो-मॅन्युअल' अशी पट्टी होती म्हणून तिथे प्रश्न आला नव्हता. हिला पट्टी नाही, म्हणून पिन दाबून धरणारी कड आत असलेला वेगळा अडॅप्टर लागला. आणखी सोळा दिवस.

फोकल लेन्थ दोन वाटांनी काढली. छिद्राचा व्यास ३९ मिमी आला, गुणिले १.४, ५४.६. मग ट्रायपॉड न हलवता समोरचं दार तीन लेन्समधून टिपलं आणि त्याची रुंदी पिक्सेलमध्ये मोजली: ५० च्या टाकुमारमध्ये १२४०, ५८ च्या हेलिओसमध्ये १४३०, हिच्यात १३६०. म्हणजे ५५ मिमी. ५५ मिमी एफ १.४, एम ४२. या मापाची लेन्स ऑटो चिनॉन, ऑटो रेव्ह्यूनॉन, मामिया-सेकॉर अशा अनेक नावांनी विकली गेली आणि त्यांतल्या बऱ्याच जपानच्या टोमिओका कारखान्यातून आल्याचं मानलं जातं. हिच्यावर यांतलं कुठलं नाव होतं ते रिंगबरोबर गेलं. मी झाकणाच्या आत कागद चिकटवला: '५५, १.४, पिनवाली'.

जूनमध्ये काकांचं दुसरं ऑपरेशन झालं. १० ऑगस्टला सगळ्या आठ लेन्स घेऊन गेले आणि त्यांच्यासमोर टॉवेलवर ओळीनं मांडल्या. मनातून मी निक्कॉरवर पैज लावली होती, दुसरा नंबर पिनवालीचा. काकांनी चष्मा पुसला, एकेक उचलून पुढची काच उजेडाकडे धरून बघितली. निक्कॉर खाली ठेवली. पिनवाली खाली ठेवली. रोक्कॉर तर हातात घेऊन "ही कुणाची?" म्हणाले. मग हेलिओस उचलली, तिच्या दोन अ‍ॅपर्चर रिंगांपैकी पुढची बोटांनी न बघताच टिकटिक करत एफ २ वर आणली, दुसरी हळूच उघडली.

"हीच."

"काका, ही एफ २ आहे. तुमच्या बॅगेतल्या छोट्या लेन्समध्ये हीच सगळ्यात स्लो."

"असेल. त्याआधी माझ्याकडे साडेतीनची होती." पुढच्या काचेवरच्या ओरखड्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला. "आणि हा चुरा कसला गं आट्यांत?"